मिशनची शाळा कोणासाठी?

सर्वोच्च न्यायालयाच्या दोन सदस्यीय खंडपीठाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निर्णयाची महाराष्ट्रात चर्चा झाली ती प्रामुख्याने शिक्षक पात्रता परीक्षेच्या, म्हणजे 'टीईटी'च्या अंगाने. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ शिल्लक असलेल्या सेवेतील शिक्षकांनी दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावे, असा आदेश झाल्याने शिक्षक संघटनांत खळबळ उडणे स्वाभाविक होते. त्याच निकालपत्राच्या दुसऱ्या भागाकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले. अल्पसंख्याकांनी चालविलेल्या सर्व शाळांना, मग त्या अनुदानित असोत वा विनाअनुदानित, शिक्षण हक्क कायद्यातून वगळणाऱ्या २०१४ च्या पाच सदस्यीय घटनापीठाच्या निर्णयाविषयी खंडपीठाने शंका व्यक्त केली आणि हा प्रश्न अधिक मोठ्या पीठापुढे ठेवण्याविषयीचे प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठविले.

अल्पसंख्याकांची शाळा म्हटले की न्यायालयापासून चहाच्या टपरीपर्यंत सर्वांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते. शहरातील इंग्रजी माध्यमाचे कॉन्व्हेंट, प्रवेशासाठी लागलेली पालकांची रांग, भरभक्कम शुल्क आणि टापटीप गणवेश. हे चित्र खोटे नाही. परंतु अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, कॅथलिक शाळा या शब्दाला दुसराही अर्थ आहे, आणि तो पहिल्यापेक्षा जुना आहे. राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर या पट्ट्यातील मिशन कंपाउंडमधली मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा हा तो अर्थ होय. कौलारू वर्ग, शेजारी चर्च, पलीकडे बोर्डिंग आणि शेतमजुरांची मुले असे तिचे रूप जिल्ह्याच्या परिचयाचे आहे. दिल्लीत चाललेल्या वादात या शाळेचे नावही निघत नाही. निकाल कोणत्याही बाजूने लागला तरी त्याचा सर्वाधिक परिणाम ज्या मुलांवर व्हायचा, ती मुले मात्र याच शाळेची आहेत.

या शाळेचा उगम समजून घेतल्याशिवाय आजचा पेच कळणार नाही. नगर जिल्ह्यात मिशनरी शिक्षणाची सुरुवात कॅथलिकांनी केलेली नाही. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरला आले. सिंथिया फरार १८३९ मध्ये नगरला आल्या आणि १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत मुलींच्या शिक्षणासाठी झटल्या. त्यांची मुलींची शाळा पाहूनच जोतीराव फुले यांना स्फूर्ती मिळाली, हा इतिहास सर्वज्ञात आहे. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरमध्येच सुरू झाले. कॅथलिक मिशन या जिल्ह्यात रुजू लागले ते जवळजवळ अर्धशतकानंतर, १८७८ च्या सुमारास, राहुरी तालुक्यातील केंदळ येथे. ते आणणारे जेझुइट फादर जर्मन होते. बिस्मार्कच्या राजवटीत १८७२ च्या कायद्याने जेझुइट संघाला खुद्द जर्मनीत बंदी झाली होती, त्यामुळे या मंडळींना मायदेशापेक्षा मुंबई इलाखाच अधिक मोकळा होता, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

काळही लक्षात घेण्यासारखा आहे. १८७६ ते १८७८ हा दख्खनच्या भीषण दुष्काळाचा काळ. अन्न, काम आणि आसरा यांसाठी मिशनच्या दाराशी आलेल्यांत गावकुसाबाहेरच्या महार आणि मांग कुटुंबांचा भरणा मोठा होता. यावरून 'पोटासाठी बाटलेले' अशी कुचेष्टा पुढे पिढ्यान्‌पिढ्या झाली. त्या कुचेष्टेत एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. याच मुलांना गावच्या शाळेचे दार बंद होते. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला आणि मुंबई सरकारनेही त्याला दाद दिली नाही. सरकारच्या खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या असल्याचे तत्त्व १८५८ मध्ये मान्य झाले खरे. परंतु कागदावरचे तत्त्व आणि गावातील ओसरी यांतील अंतर कापायला पुढची कित्येक दशके लागली. धान्य मिळते म्हणून मिशनकडे गेलेला माणूस दुष्काळ सरल्यावर परत फिरला असता. तो परतला नाही, याचे एक कारण निश्चितच पाटी-पेन्सिल हे होते.

या शाळांचा कणा होता तो मास्तर. फादर एक आणि गावे अनेक, अशी स्थिती असल्याने गावोगावी नेमलेला मास्तर सकाळी मुलांना बाराखडी शिकवी, संध्याकाळी वस्तीची प्रार्थना चालवी, कोणाचे पत्र वाचून दाखवी आणि कचेरीतला अर्जही लिहून देई. धर्मशिक्षक आणि शाळाशिक्षक ही दोन पदे एकाच माणसात एकवटली होती. यातून धर्मप्रसार होत होता, हे नाकारण्याचे कारण नाही. मिशनऱ्यांनीही ते कधी नाकारले नाही. परंतु अक्षरओळख असलेला, लिहून देऊ शकणारा माणूस गावकुसाबाहेरच्या वस्तीत प्रथमच राहू लागला, हा सामाजिक बदल त्याहून लहान नव्हता. पहिल्या महायुद्धात जर्मन फादरांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून स्थानबद्ध व्हावे लागले किंवा देश सोडावा लागला. नगरलाच जर्मन नागरिकांसाठी स्थानबद्धतेची छावणी होती, हा योगायोगही विलक्षणच. फादर गेले तरी मास्तर गावातच होता.

वाचणारा वर्ग तयार झाल्याची सर्वांत बोलकी खूण म्हणजे 'निरोप्या' हे मासिक. फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये ते केंदळहून सुरू केले. हेच डोरिंग पुढे १९०७ मध्ये पुण्याचे बिशप झाले. राहुरी तालुक्यातल्या एका आडगावातून, दलित शेतमजुरांच्या पहिल्या साक्षर पिढीसाठी मराठी मासिक निघावे, ही घटना मराठी नियतकालिकांच्या इतिहासात आजवर मिळाली त्याहून अधिक जागेची मानकरी आहे. वसईच्या ख्रिस्ती समाजाचे मराठी साहित्यातील योगदान सर्वांना ठाऊक आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा त्याचा यथोचित गौरवही झाला. परंतु वसईचा कॅथलिक समाज पोर्तुगीज काळापासूनचा आणि बागायती जमीन कसणारा आहे. नगरचा समाज भूमिहीन. त्याच्याकडे पिढीजात अशी एकच स्थावर गोष्ट होती, आणि ती म्हणजे मिशनची शाळा.

या शाळेभोवतीचे जीवन नगरी मातीतलेच होते. नाताळात वर्गाच्या एका कोपऱ्यात गव्हाणी मांडली जाई, मुलांच्या नाटकाला सारी वस्ती लोटे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२ ते १९६५) लॅटिनची जागा मराठीने घेतली आणि शाळेतली भाषा व उपासनेची भाषा एक झाली. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावची मतमाउलीची यात्रा १९४९ पासून भरते. दर सप्टेंबरमध्ये तिथे जमणारी गर्दी केवळ ख्रिस्ती नसते. नवस बोलणारे आणि फेडणारे सर्व धर्मांचे असतात, पाळणे आणि खेळण्यांची दुकाने कोणत्याही जत्रेत असावीत तशीच असतात. शाळेच्या हजेरीपटावर नजर टाकली तरी हीच सरमिसळ दिसते. गायकवाड, साळवे, भालेराव या आडनावांवरून मूल हिंदू, बौद्ध की ख्रिस्ती, हे ओळखता येत नाही.

हरेगावचे नाव आले म्हणून साखरेचा विषय काढणे भाग आहे. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी दुष्काळी मुलुखाचा नकाशा बदलला. हरेगावचा बेलापूर कंपनीचा खासगी साखर कारखाना आणि पुढे प्रवरानगरचा सहकारी कारखाना यांनी या भागात पैसा आणला. मिशनच्या शाळेतील मुलांचे आईबाप या समृद्धीत होते ते बहुतांशी मजूर म्हणून. कमाल जमीन धारणा कायद्यानंतर खासगी कारखान्यांची अतिरिक्त जमीन १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेली, तेव्हाही जमीन त्यांच्या नावावर झाली नाही. मालक बदलला, एवढेच. शिक्षणाखेरीज वर येण्याची दुसरी शिडी या समाजाला मिळाली नाही, ती या कारणाने.

स्वातंत्र्यानंतर दोन गोष्टी घडल्या. त्या परस्परांपासून दूर दिसल्या तरी त्यांनी मिलाफाने मिशनच्या प्राथमिक शाळेचा पाया हलविला.

पहिली गोष्ट चांगलीच होती. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि वाड्यावस्त्यांपर्यंत सरकारी प्राथमिक शाळा पोहोचली. रयत शिक्षण संस्थेने आणि सहकारातून उभ्या राहिलेल्या संस्थांनी माध्यमिक शिक्षणाचे जाळे विणले. दलित मुलासाठी मिशनची शाळा ही एकमेव शाळा उरली नाही. मिशनचे लक्षही हळूहळू अन्यत्र वळले. संगमनेरच्या ज्ञानमाता विद्यालयासारखी माध्यमिक विद्यालये, वसतिगृहे, दवाखाने आणि सामाजिक कार्य यांकडे मनुष्यबळ गेले. स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांनी नगर जिल्ह्यातून सुरू केलेल्या पाणलोट विकासाच्या कामाची दखल तर देशाने घेतली.

दुसरी गोष्ट होती राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाची. अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित झाला. तो १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना लागू झाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित मात्र आजही त्याबाहेर आहेत. धर्म बदलला म्हणून जात बदलते, अशी ही कायदेशीर समजूत आहे. नगर जिल्ह्याइतके या समजुतीचे खंडन अन्यत्र क्वचितच झाले असेल. सोनई (२०१३), खर्डा (२०१४) आणि हरेगाव (२०२३) या गावांची नावे राज्यभर गाजली ती दलितांवरील अत्याचारांमुळे. असा अत्याचार करणारा हात समोरच्याच्या बाप्तिस्म्याचा दाखला पाहून थांबत नाही.

महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांचा समावेश इतर मागास वर्गात आहे. परिणामी शेजारशेजारच्या दोन घरांतील, एकाच आडनावाच्या, एकाच शेतात राबणाऱ्या दोन कुटुंबांपैकी एकाला अनुसूचित जातीच्या सवलती मिळतात, दुसऱ्याला मिळत नाहीत. अनेक कुटुंबांनी यातून स्वतःपुरता मार्ग काढला. उपासना चर्चमध्ये आणि कागदोपत्री नोंद जुन्या जातीची. शाळेचा दाखला हा या नोंदीचा पहिला कागद असल्याने पहिलीच्या प्रवेशाच्या दिवशी बापाने धर्माच्या रकान्यात काय सांगायचे, हा या वस्त्यांतील जुना घरगुती प्रश्न आहे. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीतील एका प्रकरणात, केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणे ही राज्यघटनेची फसवणूक असल्याचे स्पष्ट केले. कायद्याच्या चौकटीत हा निष्कर्ष तर्कशुद्ध असेलही. परंतु धर्म आणि मुलाचे शिक्षण यांपैकी एक निवडण्याची वेळ ज्याने आणली, त्या १९५० च्या आदेशाचा प्रश्न त्याने सुटत नाही. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये हा दर्जा धर्मनिरपेक्ष करण्याची शिफारस केली होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला गेला आणि त्यालाही मुदतवाढ द्यावी लागली.

अशा स्थितीत या समाजाला हक्काची अशी एकच ओळख उरते, ती अल्पसंख्याक ही. आणि नेमकी तीच ओळख शाळांच्या बाबतीत आता न्यायप्रविष्ट आहे.

येथे चर्चच्या संस्थांनाही काही प्रश्न विचारायला हवेत. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील ख्रिस्ती अल्पसंख्याक शाळांतील ७४ टक्के विद्यार्थी अल्पसंख्याक समाजांतील नाहीत, तर सर्व अल्पसंख्याक शाळांचा एकत्रित विचार केल्यास सामाजिक व आर्थिकदृष्ट्या वंचित गटांतील विद्यार्थी जेमतेम ८.७६ टक्के आहेत. आयोगाचा रोख पाहता हे आकडे कोणत्या हेतूने पुढे आणले गेले, याबद्दल मतभेद होतील. पहिल्या आकड्यात आक्षेपार्ह काही नाही. उलट मिशनची शाळा सर्वांना खुली होती, हेच तिचे भूषण होते. दुसरा आकडा मात्र बोचणारा आहे. नगर शहरातील, तालुक्याच्या ठिकाणांतील कॉन्व्हेंट शाळा दर्जेदार आहेत, यात वाद नाही. परंतु त्यांचे शुल्क बागायतदार, व्यापारी आणि नोकरदार यांना परवडणारे असते, मजुराला नव्हे. ज्याच्या पूर्वजांसाठी शाळा निघाली, त्याच्या नातवाला तिथे बसायला जागा मिळते ती एखाद्या सवलतीने किंवा फादर-सिस्टरांच्या शब्दाने. शब्द मिळतो, नाही असे नाही. पण हक्क आणि शब्द यांत फरक आहे, आणि हा फरक पूर्वजांना पुरेपूर ठाऊक होता.

हे केवळ इथेच घडले असे नव्हे. अमेरिकेत आयरिश, इटालियन स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी उभ्या राहिलेल्या कॅथलिक शाळांत १९६० च्या दशकात सुमारे ५२ लाख विद्यार्थी होते. आज ते १७ लाखांच्या आसपास आहेत. अत्यल्प मानधनावर शिकविणाऱ्या सिस्टरांची संख्या घटली, पगारी शिक्षक आले, शुल्क वाढले आणि गरीब वस्त्यांतील शाळा आधी बंद पडल्या. नगरमध्ये निमित्त वेगळे आहे. येथे मजुरालाही मुलाला इंग्रजीतच घालायचे आहे. त्यासाठी त्याला दोष देणे हा ज्यांची मुले आधीच इंग्रजीत शिकली त्यांचा आवडता छंद आहे.

मराठी माध्यमाच्या अनुदानित प्राथमिक शाळेचे गणित पटावर चालते. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ९० पर्यंत तीन. पट ६१ वरून ५९ वर आला की संचमान्यतेत एक शिक्षक अतिरिक्त ठरतो. दोन शिक्षकांनी पाच इयत्ता सांभाळायच्या म्हटल्यावर जो पालक पाच-दहा किलोमीटरवरच्या शाळेच्या व्हॅनचे पैसे कसेबसे भरू शकतो, तो मुलाला काढून नेतो. पट आणखी घटतो. राहतात ती ज्यांना व्हॅन परवडत नाही त्यांची मुले. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या सुमारे १५ हजार शाळांचा समूह शाळांत समावेश करण्याची कल्पना शासनाने २०२३ मध्ये मांडली आणि तिला विरोध झाला, तेव्हा चर्चा सरकारी शाळांची होती. मिशनच्या शाळांना लागलेले दुखणे तेच आहे. फक्त त्यांच्यासाठी मोर्चा निघत नाही.

पूर्वी अशा वेळी बोर्डिंग आधाराला येत असे. आईबाप ऊसतोडीला किंवा कामाच्या शोधात बाहेर पडले तरी मूल मिशनमध्ये राहून शिके. त्या बोर्डिंगच्या खर्चाचा काही भाग परदेशी देणग्यांतून भागे. परदेशी देणगी कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने एका संस्थेला मिळालेली परदेशी मदत दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणण्यात आली. मोठ्या संस्थांनी यातून मार्ग काढला. मोठ्या संस्थेच्या हातून मदत मिळणाऱ्या लहान वसतिगृहांचा मार्गच या कायद्याने बंद केला.

आता सर्वोच्च न्यायालयातील प्रश्नाकडे पुन्हा वळू. समजा, मोठ्या पीठाने अल्पसंख्याक शाळांची सूट काढली, तर विनाअनुदानित कॉन्व्हेंटना २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित मुलांना द्याव्या लागतील. वरवर पाहता हा मिशनच्या मूळ हेतूचाच विजय वाटेल. परंतु महाराष्ट्रातील नियम बारकाईने पाहिले की निराळेच चित्र दिसते. अनुसूचित जातीचे मूल वंचित गटात मोडते आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. दलित ख्रिस्ती मूल केवळ धार्मिक अल्पसंख्याक म्हणून आले तर ते दुर्बल घटकात मोडते आणि त्याच्या पालकाला वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला द्यावा लागतो. नवरा-बायको दोघे रोजंदारीवर वर्षभर राबले तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. म्हणजे ख्रिस्ती शाळेतील राखीव जागेवर बसण्यास त्या शाळेच्या मूळ वारसालाच अडचण येऊ शकते. आणि सूट कायम राहिली, तर त्या जागा निर्माणच होणार नाहीत.

यातून वाट काढण्यासाठी न्यायालयाची वाट पाहण्याची गरज नाही. उत्पन्नमर्यादा वाढविणे ही राज्य सरकारच्या अखत्यारीतील गोष्ट आहे; त्यासाठी राष्ट्रपतींचा आदेश बदलावा लागत नाही. नाशिक धर्मप्रांताच्या अखत्यारीत १९८७ पासून हा जिल्हा येतो. शहरातील शाळांच्या शुल्कातील काही वाटा गावातील मराठी शाळांच्या तिसऱ्या शिक्षकासाठी राखून ठेवणे हे धर्मप्रांत आणि शाळा चालविणारे धर्मसंघ यांनी ठरविले तर होण्याजोगे आहे. किती जागांवर स्वतःच्याच समाजातील गरीब मुले शिकतात, हे प्रत्येक संस्थेने दरवर्षी जाहीर करण्यासही कोणता कायदा आड येत नाही.

'टीईटी'ची टांगती तलवार अल्पसंख्याक शाळांतील शिक्षकांवर मोठ्या पीठाचा निर्णय होईपर्यंत नाही, एवढा दिलासा १ सप्टेंबरच्या निकालाने दिला आहे. मुलांच्या बाबतीत असा कोणताही अंतरिम दिलासा नाही. पंचवीस टक्के प्रवेशात शाळेपासून घराचे अंतर पाहिले जाते. आधी एक किलोमीटर, मग तीन. कॉन्व्हेंट शाळा आहेत शहरांत आणि तालुक्याच्या गावांत. वस्तीपासून तीन किलोमीटरांत असते ती जिल्हा परिषदेची शाळा, आणि कुठे कुठे मिशनची ती जुनी मराठी शाळा.